वर्गणीला जाल तेव्हा जिन्याखालचा बोर्डही बघा

प्रति,
कोल्हापुरातल्या सर्व तालमी, तरुण मंडळं आणि त्यांचे कार्यकर्ते यांस,

सप्रेम नमस्कार.

घरातल्या वायरिंगमुळं लागणाऱ्या आगीबद्दल पत्र लिहायचं तर ते महापालिकेला लिहायचं, नाही तर महावितरणला, नाही तर विद्युत निरीक्षकांना. रीत तशीच आहे. पण पेठेतली जुनी घरं आतून बघत वायरमनकी करणाऱ्या माझ्यासारख्याचं मत असं झालंय की यातल्या कुणाचाही पाय आपल्या उंबऱ्याच्या आत पडत नाही, आणि कायद्यात तशी फारशी सोयही नाही. उंबऱ्याच्या आत कुणी जात असेल तर तुम्ही जाता. वर्षातनं एकदा, पावतीपुस्तक घेऊन, झाडून सगळ्या घरांत. म्हणून हे पत्र तुम्हाला.

आधी कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. वीज कंपनीची जबाबदारी मीटरपर्यंत. मीटरमधनं बाहेर पडणारी वायर घरमालकाची, आणि तिथनं पुढं जे काही होईल तेही त्याचंच. नवीन कनेक्शन घेताना लायसन्सवाल्या ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट जोडावा लागतो. तो एकदाच. ज्या घरानं तो चाळीसेक वर्षांपूर्वी जोडला, त्या घरात तेव्हा चार बल्ब, एक पंखा आणि रेडिओ होता. आज त्याच वायरवर फ्रिज, मिक्सर, गिझर, इंडक्शन शेगडी, इन्व्हर्टर आणि वरच्या खोलीत एसी आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमावलीप्रमाणं जोडलेल्या वायरिंगची जास्तीत जास्त पाच वर्षांनी तपासणी व्हायला पाहिजे. घरगुती जोडणीत ती मालकानं स्वतः करून घ्यायची असते. घेतली का, हे विचारायला कुणी येत नाही. महाराष्ट्राचा 2006 चा आग प्रतिबंधक कायदा आहे, त्यात दर जानेवारी आणि जुलैमध्ये ‘ब’ नमुन्यातला दाखला द्यावा लागतो. पण तो उंच इमारती, दवाखाने, सभागृहं, मॉल यांच्यासाठी. शुक्रवार पेठेतलं दुमजली कौलारू घर त्यात बसत नाही. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात 9 जानेवारी 2021 च्या पहाटे आगीत दहा तान्ही बाळं गेली, तेव्हा राज्यभर रुग्णालयांच्या तपासण्यांचे आदेश निघाले. घरांसाठी असा आदेश कधी निघाल्याचं मला आठवत नाही, आणि निघाला तरी तो राबवायला माणसं कुठनं आणणार?

केशवराव भोसले नाट्यगृह जळलं ती 8 ऑगस्ट 2024 ची रात्र तुमच्यातला कुणीच विसरला नसेल. शाहू महाराजांनी 1915 साली उभं केलेलं थिएटर, आणि दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. त्या आगीचं कारण काय, यावर मी इथं काही बोलणार नाही, तो माझा अधिकार नाही. पण त्या रात्री आपण सगळ्यांनी एक गोष्ट डोळ्यांनी बघितली: जुनं वाळलेलं लाकूड एकदा पेटलं की बंब किती आले याला फार अर्थ उरत नाही. तसलंच लाकूड आपल्या माड्यांत आहे. तुळया, तक्तपोशी, जिना, दारं, सगळं.

आता जिन्याकडं येतो, कारण मला खरं सांगायचंय ते तिथलंच.

शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, बुधवार पेठ, जुनं घर कुठलंही घ्या, मांडणी ठरलेली. रस्त्याला लागून दार, आत चिंचोळा बोळ, बोळाच्या टोकाला लाकडी जिना आणि जिन्याखाली मीटर. पूर्वी एक होतं, भावाभावांत वाटण्या झाल्यावर तीन-चार झाली. मीटरखाली चपलांचा ढीग, रद्दीचे गठ्ठे, भरलेला जादा सिलिंडर, मागल्या वर्षीचं थर्माकोलचं मखर पोत्यात बांधून ठेवलेलं, आणि अलीकडं एक्स्टेंशनवर रात्रभर चार्जिंगला लावलेली इलेक्ट्रिक स्कूटर. घरातला सगळा करंट ज्या एका जागेतनं जातो ती ही जागा. आणि घरातली सगळी माणसं ज्या एका वाटेनं बाहेर पडणार, ती वाटही हीच. इथं काही पेटलं की धूर जिन्यातनं वर चढतो आणि माडी भरून टाकतो. वर झोपलेल्या माणसाला जाळ दिसायच्या आधी धूर गाठतो; त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, माणूस झोपेतच बेशुद्ध होतो. मागचं दार असलंच तर त्याला कपाट लावलेलं. खिडक्यांना चोराच्या भीतीनं गज. घर बांधणाऱ्याची यात चूक नव्हती, त्याच्या काळात मीटरखाली पेटण्यासारखं काही नव्हतं आणि मीटरमधनं जाणारा करंटही चिमूटभर होता.

लोक मला विचारतात, एमसीबी (जादा करंट गेला की आपोआप पडून लाईन तोडणारा स्विच) बसवलाय की, मग आग कशी लागेल? तर ऐका.

गिझरचा सोळा अँपियरचा पॉइंट घ्या. प्लेट उघडली की बऱ्याच घरांत एकच चित्र दिसतं. सॉकेटच्या मागं तीन स्क्रू, त्यातल्या एका स्क्रूपाशी वायरचं प्लास्टिक बोटभर तपकिरी झालेलं, हात लावला की खपली पडते. तांब्याची तार लाल असायची ती काळी-जांभळी. सॉकेटचं बेकेलाइट त्या कोपऱ्यात फुगलेलं. मासळी सडल्यासारखा एक वास. हा लूज कॉन्टॅक्ट. स्क्रू कधी तरी अर्धा फेरा कमी आवळला गेला, रोज गरम-गार होऊन आणखी सैल झाला. दोन किलोवॅटचा गिझर साधारण नऊ अँपियर घेतो. त्या सैल जागेचा अडथळा नुसता अर्धा ओहम धरला, तरी त्या एका स्क्रूवर चाळीस वॅट उष्णता तयार होते. सोल्डरिंगचं आयर्न पंचवीस वॅटचं असतं, त्यानं शिसं वितळतं. साध्या पीव्हीसी वायरचं आवरण 70 अंशांपर्यंत टिकायला बनवलेलं असतं. त्या स्क्रूपाशी ती हद्द कधीच ओलांडलेली असते. आणि एमसीबी? त्याला काहीच कळत नाही, कारण करंट वाढलेलाच नाही, आहे तेवढाच नऊ अँपियर. सोळाचा एमसीबी निवांत बसून राहतो आणि भिंतीत सॉकेट भाजत असतो. यावर उपाय एकच, स्क्रूड्रायव्हर घेऊन वर्ष-दोन वर्षांनी प्रत्येक स्क्रू आवळून बघणं. इतकं साधं काम, आणि ते कुणीच करून घेत नाही, कारण लाईट चालू असताना वायरमनला कशाला बोलवायचं, अशी आपली पद्धत.

एमसीबीचं दुसरं दुखणं आम्ही वायरमन लोकांनीच करून ठेवलेलं आहे. उन्हाळ्यात एसी आणि इस्त्री एकदम चालू झाली की एमसीबी पडतो. घरातनं हाक येते, ‘दादा, हे सारखं पडतंय, मोठं बसवा.’ आणि आमच्यातलाच एखादा सोळाचा काढून बत्तीसचा बसवून देतो. पडायचं थांबतं, गिऱ्हाईक खूश. पण भिंतीतली वायर तीच, दीड चौरस मिलिमीटरची, किंवा त्याहून जुनी असेल तर 1/18 ची, म्हणजे एक-सव्वा चौरस मिलिमीटर. पाइपातनं गेलेली दीडची वायर तेरा-चौदा अँपियरपर्यंत बरी. बत्तीसचा एमसीबी मानकाप्रमाणं सेहेचाळीस अँपियरलासुद्धा तासभर घेऊ शकतो, तेवढी सवलत त्याला आहे. तोवर भिंतीत काय झालं असेल? एमसीबी पडत होता तो घर वाचवण्यासाठी पडत होता. त्याचं काम तेच एक होतं.

किटकॅट, म्हणजे जुने तार घालायचे पोर्सेलिनचे फ्यूज, अजून शेकडो घरांत आहेत, त्याला माझी तक्रार नाही. नीट तार घातली तर पोर्सेलिनचा फ्यूज चांगलं काम करतो. तक्रार तारेची आहे. रात्री फ्यूज गेला, फ्यूज वायर घरात नाही, मग फ्लेक्सिबल वायर सोलून तिचे पाच-सहा पदर पिळून घातले. तो फ्यूज पुन्हा कधीच जात नाही. आणखी एक: फार जुन्या बोर्डांत फेजला (करंट आणणाऱ्या तारेला) एक आणि न्यूट्रललाही (करंट परत नेणाऱ्या तारेला) एक किटकॅट असतो. न्यूट्रलचा उडाला की बल्ब विझतात, माणूस समजतो लाईट गेली, आणि होल्डरमध्ये हात घालतो. फेज तिथंच जिवंत असतो. न्यूट्रलमधला फ्यूज दिसला की तो काढून तिथं सरळ जोड देणं हे पहिलं काम, पण वायरमनकडनं.

पुराचं वेगळं सांगायला पाहिजे. 2019 ला आणि परत 2021 ला पाणी आलं तेव्हा दुधाळी, शाहूपुरी, सुतारवाडा, नागाळा पार्क या भागांत तुम्हीच कमरेएवढ्या पाण्यातनं माणसं काढलीत, अन्न पोचवलंत, हे अख्ख्या शहराला माहीत आहे. पाणी ओसरल्यावर घरं धुतली, भिंती रंगवल्या, लाईट चालू झाली आणि विषय संपला. बोर्डात मात्र पंचगंगेचा गाळ तसाच राहिला. भिंतीतल्या पाइपांत पाणी साचून राहतं, विशेषतः जिथं पाइप खाली वळतो तिथं. पितळी टर्मिनलवर हिरवट थर चढतो, स्प्रिंगा गंजतात. बुडालेला एमसीबी वरून चकचकीत दिसला तरी त्याच्या आतली पट्टी आणि कॉइल भरवशाची राहत नाही, तो बदलायचाच असतो. कितीजणांनी बदलला? वायरिंग सुकलंय का हे डोळ्यांनी कळत नाही. त्यासाठी मेगर, म्हणजे वायरच्या आवरणातनं करंट गळतो का ते मोजायचं यंत्र, लागतो. पाचशे व्होल्टचा मेगर फेज आणि अर्थमध्ये लावायचा, काटा एक मेगओहमच्या वर राहिला तर ठीक, खाली आला तर कुठं तरी करंट गळतोय. मेन बंद करून, उपकरणं काढून ठेवून घरभर मेगर मारायला अर्धा तास लागतो. पूर येऊन गेलेल्या भागातल्या तालमींनी बाकी काही केलं नाही तरी हे एवढं करावं, असं मला मनापासून वाटतं.

अर्थिंगचंही एक कोल्हापुरी दुखणं आहे. जुन्या काळी वायरमन अर्थची तार नळाच्या लोखंडी पाइपाला बांधून मोकळा व्हायचा. पाइप जमिनीत लांबवर गेलेला, काम चालायचं. मग रस्ते खोदले गेले, नळाचे पाइप प्लास्टिकचे झाले. तार अजून नळाला बांधलेलीच आहे, पण ती आता जमिनीला कुठंच मिळत नाही. वाईट म्हणजे, एका घरातल्या गिझरच्या बाहेरच्या पत्र्यात करंट उतरला तर तो तुटक्या लोखंडी पाइपानं शेजारच्या मोरीत जातो. नळाला हात लावला की मुंग्या येतात, अशी तक्रार तुमच्या गल्लीत कुणी केली असेल तर हसण्यावारी नेऊ नका.

न्यूट्रलचा प्रकार तर सगळ्या गल्लीला एकदम नडतो. वाड्याला किंवा चार घरांना मिळून थ्री फेज केबल येते, न्यूट्रल सगळ्यांचा एक. तो कटआउटपाशी (केबल येते त्या मुख्य फ्यूजपाशी) सैल झाला किंवा तुटला की वेगवेगळ्या फेजवरची घरं एकमेकांच्या आधारावर चारशे व्होल्टवर लटकतात. ज्या घरात लोड कमी, तिथं तीनशेच्या वर व्होल्टेज जातं. एका घरात बल्ब डोळे दिपतील असा पेटतो, शेजारी त्याच वेळी मंद होतो. टीव्ही, फ्रिज, चार्जर पटापट जातात, आणि एखादा चार्जर पडद्याजवळ असला की आग. हे लक्षण दिसलं की विचार करत बसायचं नाही, मेन स्विच पाडायचा, शेजाऱ्यांना ओरडून सांगायचं आणि 1912 ला फोन करायचा.

आता आरसीसीबी. मी मंडळांकडं एकच वस्तू मागायची ठरवली तर ही मागेन. फेजनं जेवढा करंट आत गेला तेवढाच न्यूट्रलनं परत यायला पाहिजे. हा दारात बसलेला हिशेबनीस आहे, तीस मिलिअँपियरचा फरक दिसला की डोळ्याचं पातं लवायच्या आत दार बंद करतो. माणसाला शॉक बसला, ओल्या भिंतीत करंट गळायला लागला, उंदरानं वायर कुरतडून फेज ओल्या भिंतीला नाही तर लोखंडी पत्र्याला टेकला, तर तो पडतो. तीनशे मिलिअँपियर गळती म्हणजे एकाच जागी जवळजवळ सत्तर वॅट, वाळलेल्या लाकडाला किंवा भुश्श्याला पेटायला पुरेसे. तीसचा आरसीसीबी त्याच्या कितीतरी आधी तोडतो. मात्र मघाचा लूज कॉन्टॅक्ट त्याला कळत नाही, आणि जादा लोडही कळत नाही. म्हणून आरसीसीबी बसवला आणि झोपलो असं चालत नाही. योग्य एमसीबी आणि आवळलेले स्क्रू हवेतच. किंमत म्हणाल तर चांगल्या कंपनीचा दीड-दोन हजारांच्या आसपास. त्यावर ‘टी’ लिहिलेलं एक बटण असतं, महिन्यातनं एकदा दाबायचं, पडला तर शाबूत. मी बघितलेल्या घरांत ते बटण क्वचितच कुणी दाबलेलं असतं. काही ठिकाणी तर पावसाळ्यात सारखा पडतो म्हणून तो बाजूला काढून वायर थेट जोडलेली दिसते. पडतोय म्हणजे कुठं तरी गळतंय, एवढं साधं आहे.

मग हे सगळं माहीत असून घरं अशी का राहतात? पैसा हे एक कारण आहेच. पण पेठेत त्याहून मोठं कारण म्हणजे मालक-भाडेकरू. जुना वाडा, पाच-सहा भाडेकरू, कोर्टात केस चालू. मालकाला वाडा पडला तर हवाच आहे, तो वायरिंगवर खर्च कशाला करील? भाडेकरू म्हणतो, जागा माझी नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 सांगतो की घर राहण्याजोगं ठेवणं मालकाचं काम, आणि नोटीस देऊन पंधरा दिवसांत त्यानं दुरुस्ती केली नाही तर भाडेकरूनं स्वतः करून खर्च भाड्यातनं वळता करावा. छान. पण वळती करायची रक्कम वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापेक्षा जास्त नको. महिन्याला पन्नास रुपये भाडं असेल तर वर्षाचे सहाशे, चौथा हिस्सा दीडशे. दीडशे रुपयांत एक बरा एमसीबीही येत नाही. कायदा इथंच थकतो. अशा वाड्यात वकील जे करू शकत नाही ते तालमीतला एखादा वयस्कर वस्ताद दोघांना समोर बसवून करू शकतो, हे मी बघितलेलं आहे. ‘भांडण कोर्टात चालू दे, पण वाड्याचा कॉमन कटआउट आणि जिन्याखालचा बोर्ड दोघांनी निम्मा-निम्मा करून घ्या, पोरंबाळं दोघांचीही आत झोपतात.’ हे वाक्य कुठल्या अधिकाऱ्यानं म्हटलं तर कुणी ऐकणार नाही. तुम्ही म्हटलं तर ऐकतील.

आता मागणं.

यंदा वर्गणीला जाल तेव्हा पावती फाडून झाली की जिन्याखाली एकदा वाकून बघा. नुसतं बघा, हात काही लावू नका. कव्हर उघडायचं नाही, स्क्रू फिरवायचा नाही, ते वायरमनचं काम. मोबाइलच्या बॅटरीचा उजेड पाडला की पुरे. बोर्डाखाली पेटण्यासारखं काय ठेवलंय, बोर्डाचं लाकूड किंवा भिंत कुठं काळी पडलीय का, टेपपट्टी गुंडाळलेले जॉइंट उघडे लोंबतायत का, आरसीसीबी आहे का, लहान मुलं आणि म्हातारी माणसं वर झोपतात का, मागची वाट उघडते का. घरच्यांना विचारा, मिक्सर लावला की बल्ब मिचमिचतो का, कुठला स्विच गरम लागतो का. पावतीच्या मागं दोन ओळी लिहा. एवढ्यानं गल्लीतली कुठली घरं आधी घ्यायची ते कळतं. बोर्डाखालचा पसारा तर त्याच दिवशी हलवता येतो, त्याला लायसन्स लागत नाही. स्कूटर बोळात चार्ज होत असेल तर मालकाला सांगा: अंगणात किंवा बाहेर लाव, स्वतंत्र सोळाच्या पॉइंटवर, माणसं जागी असताना. ऐकणार नाही लगेच, दोनदा सांगा.

मग लायसन्सवाला वायरमन बोलवायचा, एका रविवारी एक गल्ली. शासकीय आयटीआयमधनं तारतंत्री आणि वीजतंत्री ट्रेडची पोरं मागून घ्या, त्यांना हाताला काम आणि डोळ्याला अनुभव मिळेल. कव्हर मात्र अनुभवी माणसाच्या देखरेखीखालीच उघडायचं. मेगर, स्क्रू आवळणं, एमसीबी आणि वायरचा मेळ बघणं, अर्थ लागतो का तपासणं. ज्यांना परवडतं त्यांनी आरसीसीबीचे पैसे द्यावेत, ज्यांना नाही त्यांचे मंडळानं. पैसे कुठनं? राग मानू नका, पण मिरवणुकीच्या एका रात्रीच्या साऊंडला आणि लेझरला आपण किती मोजतो ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत. त्यातनं एक स्पीकरची भिंत कमी केली तर एका लहान गल्लीतल्या गरजूंची सोय होते. विसर्जनाला महाद्वार रोडवर आपला आवाज थोडा कमी पडला म्हणून देव रागावत नाही.

ज्या घरात चप्पल शिवायचं काम चालतं ती घरं आधी घ्या. चिकटवायचं सोल्यूशन, कातड्याचे तुकडे आणि लोंबणारं एक्स्टेंशन एकाच खोलीत असतं, आणि त्या सोल्यूशनच्या वाफेला स्विचची बारीक ठिणगी पुरते. तिथं डबा झाकून ठेवणं आणि खिडकी उघडी ठेवणं एवढंसुद्धा आज झालं तर बरं. सोन्या-चांदीची भट्टी ज्या माडीवर आहे तिलाही हेच लागू.

आणि एक गोष्ट प्रत्येक घरात तोंडपाठ करून घ्या. विजेची आग लागली तर आधी मेन पाडायचा, तो हाताशी येत असेल तरच. पाणी मारायचं नाही. जाळ बादलीएवढा असेल आणि आग विझवायच्या पावडरचं सिलिंडर जवळ असेल तर ते मारायचं, नाही तर माणसं घेऊन बाहेर पडायचं, जाताना खोलीचं दार ओढून घ्यायचं म्हणजे धूर अडतो, आणि 101 ला फोन करायचा. कपाटातले दागिने आणायला परत आत जायचं नाही. तालमीत दोन पावडरचे सिलिंडर कायम भरलेले असावेत आणि ते वापरायचे कसे हे दहा पोरांना यावं. गल्लीत बंब शिरत नाही तिथं पहिली पाच मिनिटं तुमचीच असतात.

हे काम करताना कुणी तुम्हाला ‘तुमचा काय संबंध’ असं विचारेल. पुराच्या वेळी कुणी विचारलं नव्हतं, एवढं सांगा आणि पुढच्या घरी जा.

मंगळवार पेठेत आणि आसपास कुठल्याही तालमीनं रविवार ठरवला तर मी येतो, मेगर माझा. अजून चार-पाच लायसन्सवाले मित्र यायला तयार आहेत. आमची मजुरी नको, फक्त घरोघरी दार उघडून द्यायला तुमचा एक माणूस बरोबर असू दे, कारण वायरमनला बघून लोक आधी बिलाची धास्ती घेतात.

आपला,
मंगळवार पेठेतला एक वायरमन

ता. क. सुरुवात मंडपापासनं केलीत तर घरोघरी बोलायला तोंड राहील. आकडा टाकू नका, महावितरणकडनं उत्सवाची तात्पुरती जोडणी रीतसर मिळते. मंडपाच्या मेनला आरसीसीबी लावा, पडदे आणि थर्माकोलपासनं हॅलोजन लांब ठेवा, जॉइंट टेपपट्टीवर न ठेवता कनेक्टरमध्ये करा आणि जमिनीवर पाण्यात पडू देऊ नका. रात्री पहाऱ्याला झोपणाऱ्या पोराला मेन कुठं आहे ते दाखवून ठेवा. आणि मंडप घालताना एका बाजूनं बंब जाईल एवढी वाट सोडा.